जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम

जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम म्हणजे हृदयाच्या रचनेत जन्मतःच दोष असलेल्या बालकावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर पुढील अनेक वर्षांत, साधारणतः पौगंडावस्था, तारुण्य व मध्यमवयापर्यंत, त्याच्या आयुर्मानावर, हृदयाच्या कार्यावर, शारीरिक व बौद्धिक वाढीवर आणि सामाजिक जीवनावर दिसून येणारे परिणाम होत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंभीर हृदयदोष असलेली बहुतेक बालके लहानपणीच दगावत. आज प्रगत वैद्यकीय सोयी असलेल्या देशांत अशा बालकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बालके प्रौढ वयापर्यंत पोहोचतात. त्यामुळे या शाखेचा भर आता केवळ 'शस्त्रक्रियेत मूल वाचले का' या प्रश्नावर राहिलेला नाही. 'वाचलेले मूल पुढे कसे जगते' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरला आहे. महाराष्ट्रात शासकीय योजनांमुळे आणि धर्मादाय रुग्णालयांमुळे शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची संख्या वाढत असल्याने हा विषय येथेही महत्त्वाचा झाला आहे.

दोषांचे स्वरूप व प्रमाण

मानवी हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका किंवा अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका किंवा निलय म्हणतात. उजव्या बाजूतून अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे जाते व डाव्या बाजूतून शुद्ध रक्त महाधमनीवाटे सर्व शरीरात पोहोचते. दोन्ही बाजूंमधील पडदा, चार झडपा आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांची जडणघडण गर्भावस्थेच्या पहिल्या सुमारे आठ आठवड्यांत होते. या काळात घडण अपुरी वा चुकीची झाली, की जन्मजात हृदयदोष निर्माण होतो.

जिवंत जन्मलेल्या दर एक हजार बालकांमागे सुमारे ८ ते ९ बालकांमध्ये असा दोष आढळतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोषासह जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचाराची गरज भासते, असा अंदाज आहे. काही दोष आपोआप बरे होतात. जवनिकांमधील पडद्यातील लहान छिद्रे वाढत्या वयाबरोबर अनेकदा बुजतात.

दोषांचे ढोबळमानाने दोन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गात बालकाचा रंग सामान्य राहतो. पडद्यातील छिद्रे, उघडी राहिलेली धमनीनलिका आणि महाधमनीचे आकुंचन हे दोष यात येतात. दुसऱ्या वर्गात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळल्याने ओठ, नखे व जीभ निळसर दिसतात. फॅलोचे चतुष्क आणि महावाहिन्यांची अदलाबदल ही याची प्रमुख उदाहरणे होत. अशा बालकांना बोलीभाषेत 'निळे बाळ' म्हटले जाते.

बहुतेक दोषांमागे एकच एक कारण सांगता येत नाही. गुणसूत्रांतील विकृती, गर्भारपणात आईला झालेला रुबेला, अनियंत्रित मधुमेह, काही औषधे आणि जवळच्या नात्यातील विवाह यांमुळे शक्यता वाढते. गर्भवतीने ग्रहण न पाळल्याने बाळात व्यंग येते, या समजुतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. मात्र अशा समजुतींमुळे आईवर दोषारोप होतो आणि उपचारास विलंब लागतो.

ऐतिहासिक आढावा

१९३८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी उघडी राहिलेली धमनीनलिका बांधून बंद केली. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचा आरंभ येथून मानला जातो. १९४४ मध्ये स्वीडनमध्ये क्लॅरन्स क्राफोर्ड यांनी महाधमनीच्या आकुंचनावर शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी निळ्या बाळावर पहिली जोडवाहिनी शस्त्रक्रिया केली. तिची कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग यांची होती, तर प्रयोगशाळेत तिचे तंत्र सिद्ध करण्याचे श्रेय व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञांना जाते. थॉमस यांना वैद्यकीय पदवी नव्हती आणि त्यांच्या कार्याची योग्य दखल अनेक दशकांनी घेतली गेली.

१९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने कर्णिकांमधील छिद्र यशस्वीपणे बंद केले. १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी पालकाचा रक्ताभिसरण मार्ग बालकाच्या मार्गाशी तात्पुरता जोडून जवनिकांमधील छिद्र व फॅलोचे चतुष्क यांची दुरुस्ती केली. पुढे सेनिंग, मस्टर्ड, फाँटान आणि ब्राझीलमधील जातेने यांच्या शस्त्रक्रियांमुळे अधिक गुंतागुंतीचे दोषही उपचारांच्या कक्षेत आले.

भारतात हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने यशस्वी शस्त्रक्रिया १९६१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची परंपरा निर्माण केली. १९६८ मध्ये त्यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण याच रुग्णालयात केले.

दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास अर्थातच उशिरा सुरू झाला. १९५० च्या दशकात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची तिशी उलटल्यानंतरच, म्हणजे १९८० व १९९० च्या दशकांत, त्यांच्याविषयीचे विश्वसनीय निष्कर्ष उपलब्ध झाले. त्यामुळे आजच्या तंत्राने शस्त्रक्रिया झालेल्या बालकांचे भवितव्य जुन्या आकडेवारीवरून जसेच्या तसे सांगता येत नाही. बहुतेक बाबतींत ते अधिक चांगले असण्याचीच शक्यता आहे.

'दुरुस्ती' आणि 'पूर्ण बरे होणे'

शस्त्रक्रियेनंतर 'मूल बरे झाले' असे सर्रास म्हटले जाते. वैद्यकीय दृष्ट्या मात्र शस्त्रक्रियांचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिल्या प्रकारात दोष पूर्णपणे दूर होतो व हृदय जवळजवळ सामान्य हृदयासारखे कार्य करते. वेळेवर बंद केलेली धमनीनलिका किंवा कर्णिकांमधील छिद्र यांचा समावेश यात होतो. दुसऱ्या प्रकारात रक्तप्रवाह योग्य मार्गाने वळवला जातो, परंतु काही उणीव मागे राहते किंवा शस्त्रक्रियेतूनच नवी उणीव निर्माण होते. फॅलोच्या चतुष्कात अरुंद मार्ग रुंद करताना फुप्फुस धमनीची झडप अनेकदा गळकी होते, हे याचे उदाहरण होय. तिसऱ्या प्रकारात हृदयाची मूळ रचना सामान्य करणे शक्यच नसते. उपलब्ध रचनेतून चालण्याजोगी व्यवस्था उभी केली जाते. एकच जवनिका असलेल्या हृदयावरील फाँटान शस्त्रक्रिया या प्रकारात मोडते.

२००० साली झालेल्या बेथेस्डा परिषदेने प्रौढ रुग्णांचे सौम्य, मध्यम व तीव्र गुंतागुंतीचे असे तीन गट केले. रुग्णाने स्थानिक डॉक्टरांकडे अधूनमधून तपासून घेणे पुरेसे आहे, की विशेष केंद्रात नियमित जाणे आवश्यक आहे, हे अशा वर्गीकरणावरून ठरवले जाते.

दोषनिहाय परिणाम

कर्णिकांमधील छिद्र. या दोषात लहानपणी लक्षणे फारशी दिसत नाहीत, त्यामुळे निदान लांबते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५६ ते १९६० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १२३ रुग्णांचा पाठपुरावा सुमारे तीन दशके करण्यात आला. अकरा वर्षांपर्यंतच्या वयात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९७ टक्के रुग्ण २७ वर्षांनंतर जिवंत होते. १२ ते २४ वयोगटात हे प्रमाण ९३ टक्के, २५ ते ४१ वयोगटात ८४ टक्के आणि त्याहून अधिक वयाच्या गटात ४० टक्के होते. पंचविशीपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सर्वसामान्य लोकांइतकेच होते. शस्त्रक्रियेचे वय लांबले की लाभ कमी होतो, हा निष्कर्ष यातून स्पष्ट झाला. आता योग्य जागी असलेली अनेक छिद्रे छाती न उघडता, मांडीतील शिरेतून नळी नेऊन छत्रीसारख्या उपकरणाने बंद केली जातात.

जवनिकांमधील छिद्र. मोठे छिद्र पहिल्या वर्षात बंद केल्यास बालकाची वाढ झपाट्याने भरून निघते व पुढील आयुष्य बहुधा सामान्य राहते. शस्त्रक्रियेत हृदयाच्या विद्युतवाहक तंतूंना इजा झाल्यास ठोके मंदावून कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. हे प्रमाण शंभरात सुमारे एक इतके आहे. छिद्र वर्षानुवर्षे उघडे राहिल्यास फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड व कठीण होतात आणि तेथील दाब कायमचा वाढतो. ही अवस्था एका मर्यादेपलीकडे गेली, की प्रवाह उलटा होऊन मूल निळे पडू लागते. तिला आयझेनमेंगर अवस्था म्हणतात. त्या टप्प्यावर छिद्र बंद करणे हितावह नसते, उलट धोक्याचे ठरते.

उघडी राहिलेली धमनीनलिका. नलिका बांधणे किंवा उपकरणाने बंद करणे हा सर्वांत समाधानकारक परिणाम देणारा उपचार मानला जातो. फुप्फुसांतील दाब वाढण्यापूर्वी उपचार झाल्यास पुढे कोणतेही निर्बंध राहत नाहीत.

महाधमनीचे आकुंचन. अरुंद भाग काढून टाकला तरी हा आजार 'संपला' असे समजता येत नाही. मेयो क्लिनिकमध्ये १९४६ ते १९८१ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ६४६ रुग्णांच्या अभ्यासात १० वर्षांनंतर ९१ टक्के, २० वर्षांनंतर ८४ टक्के व ३० वर्षांनंतर ७२ टक्के रुग्ण जिवंत असल्याचे आढळले. उशिरा झालेल्या मृत्यूंमागे हृदयधमन्यांचा विकार, हृदय अपुरे पडणे, आकस्मिक मृत्यू, महाधमनी फुटणे व मेंदूतील रक्तस्राव ही कारणे होती. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अनेकांमध्ये पुढे उच्च रक्तदाब उद्भवतो. म्हणून अशा व्यक्तीचा रक्तदाब आयुष्यभर, शक्यतो उजव्या दंडावर, नियमितपणे मोजणे आवश्यक असते.

फॅलोचे चतुष्क. निळ्या बाळांमध्ये हा दोष सर्वाधिक आढळतो. १९५५ ते १९६० या काळात दुरुस्ती होऊन पहिला महिना पार केलेल्या १६३ रुग्णांपैकी ८६ टक्के रुग्ण ३२ वर्षांनंतर जिवंत होते. समवयस्क सामान्य लोकांमध्ये हे प्रमाण ९६ टक्के अपेक्षित होते. बहुतेक रुग्ण शिक्षण, नोकरी व संसार करू शकतात. तथापि झडपेच्या गळतीमुळे उजवी जवनिका हळूहळू ताणली जाते. हा ताण दहा-वीस वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता वाढत राहतो, म्हणून 'काही त्रास नाही' हे सुरक्षिततेचे प्रमाण ठरत नाही. ईसीजीतील क्यूआरएस हा भाग १८० मिलिसेकंदांहून रुंद झाल्यास जीवघेण्या तालबिघाडाचा धोका वाढतो, असे लंडनमधील संशोधनात दिसून आले. जवनिका फार मोठी होण्यापूर्वी फुप्फुस धमनीत नवी झडप बसवावी लागते. योग्य वेळ ठरवण्यासाठी एमआरआय उपयुक्त ठरते. २००० साली फिलिप बोनोफर यांनी ही झडप छाती न उघडता नळीद्वारे बसवण्याची पद्धत सुरू केली.

महावाहिन्यांची अदलाबदल. या दोषात महाधमनी व फुप्फुस धमनी एकमेकींच्या जागी उगवतात. पूर्वीच्या सेनिंग व मस्टर्ड पद्धतींत कर्णिकांच्या पातळीवर रक्ताचा मार्ग बदलला जाई. त्यामुळे सर्व शरीराला रक्त पुरवण्याचे काम उजव्या जवनिकेवर कायम राही. ती पुढे थकते व तालबिघाडही होतात. १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या धमनी-बदल शस्त्रक्रियेत दोन्ही वाहिन्या आपापल्या योग्य जागी आणल्या जातात. या शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण वीस वर्षांनंतरही जिवंत असतात. फुप्फुस धमनी अरुंद होणे, महाधमनीचे मूळ रुंदावणे व हृदयधमन्यांतील अडथळे यांवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

एकच कार्यक्षम जवनिका. या बालकांवर टप्प्याटप्प्याने दोन-तीन शस्त्रक्रिया होतात. शेवटचा टप्पा फाँटान शस्त्रक्रियेचा असतो. तिच्यानंतर अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाविना थेट फुप्फुसांकडे वाहते. मेयो क्लिनिकमधील १,०५२ रुग्णांच्या चाळीस वर्षांच्या आढाव्यात १०, २० व ३० वर्षांनंतर अनुक्रमे ७४, ६१ व ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. मात्र २००१ नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये दहा वर्षांनंतरचे प्रमाण ९५ टक्के होते. शिरांमधील दाब सतत वाढलेला राहिल्याने यकृत कठीण होणे, आतड्यांतून प्रथिने गळणे, रक्ताच्या गुठळ्या होणे आणि व्यायामक्षमता घटणे या समस्या उद्भवतात. काहींना पुढे हृदयप्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

उशिरा उद्भवणाऱ्या गुंतागुंती

हृदयतालातील बिघाड ही सर्वांत सामान्य उशिराची गुंतागुंत होय. शस्त्रक्रियेतील टाक्यांच्या व्रणाभोवती विद्युतलहरी वर्तुळाकार फिरू लागतात व ठोके अचानक वेगवान होतात. धडधड, घेरी किंवा बेशुद्धी ही त्याची लक्षणे असून त्यांची तातडीने तपासणी व्हावी लागते.

हृदयाच्या अंतःपटलाला होणारा जंतुसंसर्ग ही दुसरी गंभीर गुंतागुंत. हिरड्या व दातांतील जंतू रक्तावाटे हृदयात पोहोचू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये याबाबतच्या सूचना बदलल्या. त्यांनुसार कृत्रिम झडप असलेले, पूर्वी असा संसर्ग झालेले, दुरुस्ती न झालेला निळा दोष असलेले, कृत्रिम साहित्य वापरून दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांतील आणि त्या साहित्याजवळ गळती उरलेले रुग्ण यांनाच दातांवरील उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे. इतरांसाठी दररोज दोन वेळा दात घासणे व दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घेणे हाच खरा प्रतिबंध आहे. कारण न सापडता आठवडाभर ताप राहिल्यास प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताची जंतुतपासणी करणे आवश्यक असते.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या मुलांना रक्त पातळ ठेवणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात व त्यांची मात्रा रक्ततपासणीवरून ठरवावी लागते. मुलाच्या शरीराबरोबर कृत्रिम झडप अथवा नळी वाढत नाही. त्यामुळे वाढत्या वयात ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. अशी दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पहिली फसली असे नव्हे. अनेक दोषांत ती आरंभापासूनच अपेक्षित असते.

वाढ, बुद्धिविकास व शिक्षण

हृदयदोषामुळे खुरटलेल्या मुलांचे वजन शस्त्रक्रियेनंतर साधारणतः आधी वाढते व उंची त्यामागून भरून निघते. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या कुपोषित मुलांमध्ये ही भरपाई अपुरी राहू शकते.

बुद्धिविकासाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. बोस्टन येथे १९८८ ते १९९२ या काळात महावाहिन्यांच्या अदलाबदलीवर शस्त्रक्रिया झालेल्या १७१ बालकांचा पाठपुरावा सोळाव्या वर्षापर्यंत केला गेला. त्यांचे सरासरी गुण सामान्य मर्यादेजवळ असले, तरी सुमारे ६५ टक्के मुलांना शालेय जीवनात कधी ना कधी विशेष शैक्षणिक साहाय्य घ्यावे लागले होते. एकाग्रता, नियोजन, हस्ताक्षर, आकृती समजणे आणि समोरच्याच्या मनोभावाचे आकलन या बाबतींत अडचणी जाणवतात. गर्भावस्थेत मेंदूला झालेला अपुरा रक्तपुरवठा, निळेपणा, दीर्घ रुग्णालयवास व जनुकीय कारणे यांचा त्यात वाटा असतो.

याचा अर्थ अशी मुले मंदबुद्धी असतात असा मुळीच नाही. मात्र वर्गात लक्ष न लागणारे किंवा लिहिण्यात मागे पडणारे मूल 'आळशी' ठरवले जाण्याचा धोका असतो. शिक्षकांना शस्त्रक्रियेची माहिती असल्यास अडचण लवकर ओळखता येते व वेळेवर मार्गदर्शन मिळते.

खेळ व व्यायाम

पालक आणि शाळा अनेकदा भीतीपोटी अशा मुलांना मैदानापासून दूर ठेवतात. छिद्र बंद झाले आहे, फुप्फुसातील दाब सामान्य आहे आणि तालबिघाड नाही, अशा बहुतेक मुलांना सर्व खेळ खेळता येतात. महाधमनीचे आकुंचन, रुंदावलेली महाधमनी, कृत्रिम झडप किंवा फाँटान शस्त्रक्रिया असल्यास वजन उचलणे, कुस्ती, कबड्डी अशा जोर लागणाऱ्या वा आघाताच्या खेळांबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. अशा वेळीही चालणे, पोहणे, सायकल चालवणे यांसारखा मध्यम व्यायाम बहुधा हितकारक असतो. निष्कारण लादलेल्या निर्बंधांमुळे स्थूलता, न्यूनगंड व एकाकीपणा वाढतो.

विवाह, मातृत्व व आनुवंशिकता

छातीवरील व्रण आणि 'हृदयाची मुलगी' हा शिक्का यांमुळे विवाह ठरताना शस्त्रक्रिया लपवण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. याचा सर्वाधिक धोका मुलीलाच पोहोचतो. कारण गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते आणि हृदयावरील भार वाढतो. ज्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची कल्पनाच नसते, ते योग्य काळजी घेऊ शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार यशस्वीपणे दुरुस्त झालेल्या साध्या दोषांत गर्भारपणाचा धोका अत्यल्प असतो. दुरुस्त झालेल्या फॅलोच्या चतुष्कात तो किंचित वाढलेला, फाँटान शस्त्रक्रिया व कृत्रिम धातूची झडप यांत बराच वाढलेला असतो. फुप्फुसीय उच्च रक्तदाब असल्यास मातेच्या जिवाला इतका धोका असतो, की गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. म्हणून हृदयाची तपासणी विवाहानंतर नव्हे, तर गर्भधारणेपूर्वीच होणे इष्ट असते. रक्त पातळ करणारी काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने त्यांतही आधीच बदल करावा लागतो.

आई किंवा वडिलांना हृदयदोष असल्यास अपत्यात तो आढळण्याची शक्यता साधारणतः ३ ते ५ टक्के असते. काही जनुकीय विकारांत ती ५० टक्के असू शकते. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करता येते. पुरुष रुग्णांच्या अपत्यांबाबतही ही तपासणी तितकीच लागू आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

महाराष्ट्र व नवी मुंबईतील स्थिती

विकसनशील देशांत परिणाम ठरवणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे शस्त्रक्रियेचे वय. भारतीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जवनिकांमधील मोठे छिद्र तीन ते सहा महिन्यांच्या वयात बंद होणे आणि महावाहिन्यांच्या अदलाबदलीवर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया होणे इष्ट असते. प्रत्यक्षात निदान उशिरा होणे, वारंवारचा न्यूमोनिया, कमी वजन आणि खर्चाची चिंता यांमुळे अनेक बालके ही वेळ उलटून गेल्यावर रुग्णालयात पोहोचतात.

ही दरी भरून काढण्यासाठी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा ठरला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून या देशव्यापी कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात हृदयदोष हा तपासणीतील एक विकार आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये रायगडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढील वर्षी सर्व राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तिच्यात हृदयशस्त्रक्रियांचा समावेश असून काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याचीही तरतूद आहे.

परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि १९२९ साली स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय ही मुंबईतील बालउपचारांची जुनी केंद्रे होत. नवी मुंबई परिसरात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तर शेजारच्या खारघरमध्ये श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदय रुग्णालय बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करते. सिडकोने वसवलेले कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहे. हार्बर रेल्वेमार्गावरील मानसरोवर स्थानक व शीव-पनवेल महामार्ग यांमुळे रायगड जिल्ह्यातील ग्रामीण व आदिवासी भागांतून येणाऱ्या कुटुंबांना हा परिसर मुंबईपेक्षा जवळचा पडतो.

शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून भागला, तरी पुढील वीस वर्षांचा प्रवासखर्च, बुडणारी रोजंदारी व तपासण्या यांचा भार कुटुंबावरच राहतो. मूल धावू-खेळू लागले, की रुग्णालयाची वारी थांबते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड, वीटभट्टी व बांधकाम मजुरांच्या मुलांचा संपर्क तर सहज तुटतो. बालरोग विभागाची वयोमर्यादा ओलांडल्यानंतर पुढे कोणाकडे जावे, हेही अनेकांना ठाऊक नसते. कारण प्रौढांच्या जन्मजात हृदयदोषांसाठीची स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे.

आजीवन पाठपुरावा

पाठपुराव्याची वारंवारता दोषानुसार ठरते. साध्या दोषांत काही वर्षांतून एकदा, तर गुंतागुंतीच्या दोषांत दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी केली जाते. तीत शारीरिक तपासणी, रक्तदाब, बोटावरील प्राणवायूचे प्रमाण, ईसीजी व टू-डी इको यांचा समावेश असतो. गरजेनुसार चोवीस तासांचे होल्टर परीक्षण, व्यायाम चाचणी व एमआरआय केली जाते.

पुढील बाबी प्रत्येक कुटुंबाने जपून ठेवणे आवश्यक मानले जाते:

* दोषाचे नेमके नाव व शस्त्रक्रियेची तारीख
* शस्त्रक्रियेचा तपशील व रुग्णालयातून सुटी मिळतानाचा कागद
* वापरलेले कृत्रिम साहित्य, झडप वा उपकरण यांचे कार्ड
* अलीकडचा इको अहवाल व ईसीजी
* चालू औषधांची नावे व मात्रा
* दातांवरील उपचारांपूर्वी प्रतिजैविक लागते किंवा नाही याची नोंद

पूर, घरबदल किंवा स्थलांतर यांत कागद हरवण्याची शक्यता असल्याने त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत ठेवणे व एक प्रत नातेवाइकांकडे देणे उपयुक्त ठरते.

बारा ते चौदा वर्षांच्या वयापासून मुलाला स्वतःच्या दोषाचे नाव, औषधे व धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत, अशी शिफारस केली जाते. लहानपणी झालेली शस्त्रक्रिया मुलाला आठवत नाही. त्याच्यासाठी ती छातीवरील एक रेघ असते. पालकांच्या पश्चातही हृदयाची काळजी त्यालाच घ्यायची असल्याने ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हा उपचाराचाच एक भाग समजला जातो.